एका पाडलेल्या गानगृहाच्या आठवणी

गाणें हें मूळचेंच क्षणभंगुर. चित्र भिंतीवर राहतें, काव्य पोथींत राहतें. गाणें मात्र ज्या हवेंत उमटलें त्या हवेबरोबरच निघून जातें. ध्वनिमुद्रणाची विद्या हातीं आल्यापासून या तक्रारीचा निकाल लागला असें आपण मानतों. पण एका रात्रीं एका जागीं जें घडलें तें सगळें तबकडींत उतरतें काय, आणि जें उतरत नाहीं त्याविषयीं वादकांच्या आठवणींवर कितपत विसंबावें, हा प्रश्न संगीताच्या इतिहासकारापुढें अजून उभाच आहे. या प्रश्नाची परीक्षा पाहावयाची तर अमेरिकेंतील टेक्सास संस्थानाच्या राजधानींत, ऑस्टिन शहरीं, १९७० पासून १९८० पर्यंत नांदलेल्या एका गानगृहाकडे वळावें. १९७३ या एकाच वर्षीं तेथें कंट्री-रॉक म्हणून ओळखलें जाणारें संगीत वाजविणारीं दोन पथकें येऊन गेलीं. एका पथकाचें वादन तबकडींत बंद झालें. दुसऱ्याचें केवळ सोबत्यांच्या आठवणींत उरलें.

या गानगृहाचें नांव आर्माडिलो वर्ल्ड हेडक्वार्टर्स. आर्माडिलो हा टेक्सासच्या माळावर आढळणारा, पाठीवर कवच वागविणारा, निशाचर आणि निरुपद्रवी प्राणी. पाहणाऱ्यास आपल्याकडील खवल्या मांजराची आठवण व्हावी. जिम फ्रँकलिन नांवाच्या चित्रकारानें आपल्या जाहिरातपत्रांवर हा प्राणी इतक्या वेळां रेखाटला कीं, ऑस्टिनच्या लांबकेशी तरुणांचें तें बोधचिन्हच होऊन बसलें. इमारत मूळची नॅशनल गार्ड या राखीव सैन्याची. सैन्याच्या अशा कोठारास इंग्रजींत आर्मरी म्हणतात, तेव्हां कवचधारी प्राण्याचें नांव तिला दोन्ही अंगांनीं शोभलें. १९७० च्या उन्हाळ्यांत एडी विल्सन नांवाचा गृहस्थ जवळच्या एका गुत्त्यांतून लघुशंकेसाठीं बाहेर पडला असतां त्याला अंधारांत ही ओसाड वास्तु दिसली, अशी तिच्या शोधाची कथा तो स्वतःच सांगतो. इतिहासांतील पुष्कळ शोध याहून प्रतिष्ठित प्रसंगीं लागले असतील. परंतु ते इतक्या प्रांजळपणें क्वचितच सांगितले गेले आहेत. हा विल्सन ज्या वादकपथकाचा व्यवस्थापक होता त्याचें नांव ‘शिवाज हेडबँड’. त्या नांवांत आपला शिव कोणत्या वाटेनें शिरला हें त्या काळच्या हिप्पींनाच ठाऊक.

७ ऑगस्ट १९७० रोजीं हें गानगृह उघडलें. नाइट क्लब म्हटला म्हणजे मंद दिवे, मखमली पडदे आणि पांढऱ्या आच्छादनांचीं मेजें आपल्या डोळ्यांपुढें येतात. येथें त्यांपैकीं कांहींच नव्हतें. दीडएक हजार माणसें मावतील असा तो कोठारवजा दालनाचा पसारा. आरंभीं खुर्च्याहि नव्हत्या, गालिच्यांचे तुकडे जमिनीवर पसरून श्रोते बसत. उन्हाळ्यांत आंत भट्टी पेटल्यासारखें होई आणि हिवाळ्यांत अंग कांकडे. पुढें आवारांत बीअरचा बगीचा झाला आणि एक स्वयंपाकघर चालूं लागलें. त्या स्वयंपाकघराची कीर्ति वादकांत इतकी पसरली कीं, दूरच्या प्रवासांत मिळेल तें शिळेंपाकें खाऊन विटलेल्या मंडळींस ऑस्टिनचा मुक्काम माहेरासारखा वाटूं लागला. वादकांच्या आठवणी चाळतांना एक मौज दिसते: त्या रात्रीं काय वाजविलें हें सांगण्याआधीं त्या रात्रीं ताटांत काय वाढलें होतें हें ते सांगतात. इतिहासकारानें याला हंसूं नये. ज्या यजमानानें पाहुण्यास पोटभर जेवूं घातलें त्याच्या घरीं पाहुण्याचा गळाहि मोकळा होतो.

आतां या संगीताविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडील व पश्चिमेकडील खेड्यापाड्यांतील, मुख्यतः गोऱ्या कष्टकरी लोकांचें जें गाणें, त्याला तिकडे कंट्री म्हणतात. फिडल, गिटार आणि पेडल स्टील हीं त्याचीं वाद्यें. पेडल स्टील हें आडवें ठेवून धातूच्या कांबीनें वाजविण्याचें वाद्य; पायाखालील कळांनीं त्याच्या तारा ताणतां येतात, त्यामुळें एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातांना त्यांतून जी मींड निघते ती ऐकून भारतीय श्रोत्याचे कान सहज टवकारावेत. रॉक हें शहरी तरुणांचें, विजेवर चालणाऱ्या वाद्यांचें, मोठ्या आवाजाचें संगीत. या दोहोंचा विवाह १९६० ते १९७० या दशकाच्या अखेरीस लागला. त्यावेळीं व्हिएटनामचें युद्ध चाललें होतें. लांब केसांचा विद्यार्थी आणि आंखूड केसांचा गुराखी हे एकमेकांकडे शत्रुवत् पाहत होते. १९६९ सालीं मर्ल हॅगार्ड या श्रेष्ठ कंट्री गायकाचें ‘ओकी फ्रॉम मस्कोगी’ हें हिप्पींची टर उडविणारें गाणें देशभर गाजलें होतें. अशा काळांत विद्यार्थ्यानें गुराख्याचें गाणें गावें, ही केवळ रुचीची बाब नव्हती. दोन्ही गोटांत तिचा संशयच घेतला जाई.

हा संशय ज्यानें सर्वांत अधिक ओढवून घेतला तो ग्रॅम पार्सन्स. हा १९४६ सालीं जन्मला आणि जॉर्जिया संस्थानांत वाढला. घराणें संत्र्यांच्या बागांवर गब्बर झालेलें. हार्वर्ड विद्यापीठांत तो जेमतेम एक सत्र टिकला. १९६८ मध्यें बर्ड्‌स या प्रसिद्ध रॉक पथकास त्यानें ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या तबकडीच्या वेळीं कंट्रीच्या वाटेवर ओढलें, आणि नंतर फ्लाइंग बरीटो ब्रदर्स हें स्वतःचें पथक काढलें. १९७३ च्या जानेवारींत त्याची ‘जी. पी.’ ही स्वतंत्र तबकडी निघाली आणि तिच्या प्रसारासाठीं फॉलन एंजल्स नांवाचें पथक जमवून तो दौऱ्यावर निघाला. सोबतीस एमिलू हॅरिस ही त्यावेळीं फारशी कोणास ठाऊक नसलेली तरुण गायिका होती. वॉशिंग्टनच्या एका पानगृहांत ती गात असतां पार्सन्सच्या जुन्या सहकाऱ्यानें तिला हेरली होती.

दौऱ्याचा आरंभ कोलोरॅडोंतील बोल्डर गांवीं झाला आणि तो अगदींच फसला. हॅरिस बाईंनीं पुढें मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणें, मंडळींनीं तालमींत गाणीं भरपूर गायिलीं होतीं, पण एकाहि गाण्याची सुरुवात कशी करावयाची आणि शेवट कोठें करावयाचा हें ठरविलेंच नव्हतें. पहिल्याच रात्रीनंतर तेथल्या मालकानें त्यांस घालवून दिलें. गिटारवादक बदलावा लागला. जॉक बार्टली हा बोल्डरचाच तरुण घाईघाईनें घेतला. त्याचें शिक्षण जॅझच्या वळणाचें होतें. कंट्रीचा त्याला विशेष परिचय नव्हता आणि तो तें मोकळेपणानें सांगतो. पुढें नेटानें तालमी झाल्या, आणि फेब्रुवारींत हें पथक बसनें ऑस्टिनला आर्माडिलोंत येऊन पोंचलें.

तेथें काय झालें? पथकांतील मंडळींचें या एका गोष्टीवर एकमत आहे कीं, दौऱ्याचा सूर तेथें लागला. श्रोत्यांनीं त्यांस उचलून धरलें, मंचावरून उतरूं देईनात. ज्यांची बोल्डरला हकालपट्टी झाली त्यांस येथें पुन्हां पुन्हां बोलावणें आलें. हॅरिस बाईंच्या कथनांत ही रात्र एखाद्या सीमारेषेसारखी येते: तिच्या अलीकडे गोंधळ, पलीकडे गाणें. पार्सन्सची स्वतःची साक्ष मात्र आपणांस पुरेशी मिळावयाची नव्हती. १९ सप्टेंबर १९७३ रोजीं, वयाच्या २६ व्या वर्षीं, मद्य आणि मादक द्रव्यें यांच्या अतिरेकानें तो कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत मरण पावला. त्याच्या मृतदेहाचें पुढें जें झालें त्याच्या कथा चघळण्यांतच त्याच्याविषयींचें पुष्कळसें लिखाण खर्ची पडलें आहे. त्यांत शिरण्याची आपणांस गरज नाहीं.

आर्माडिलोंतील त्या मुक्कामाची तबकडी प्रसिद्ध झालेली नाहीं. मग सोबत्यांच्या शब्दावर विश्वास किती ठेवावा? अकालीं गेलेल्या मित्राविषयींची आठवण सहसा सोन्याचा मुलामा घेऊनच बाहेर पडते. त्यांतून हॅरिस बाईंचें ऋण जाहीर आहे. कंट्री गाण्याची गोडी आपणांस पार्सन्समुळेंच लागली असें त्या आयुष्यभर सांगत आल्या आहेत. अशा साक्षीदारास न्यायाधीश निःपक्षपाती म्हणणार नाहीं. परंतु आपल्या नैयायिकांनीं शब्दप्रमाणाच्या जोडीला अनुमानहि सांगितलें आहे, आणि येथें त्याला जागा आहे. त्याच वर्षीं मार्चांत, म्हणजे ऑस्टिननंतर कांहीं आठवड्यांनीं, न्यू यॉर्कजवळ लाँग आयलंड येथील नभोवाणी केंद्रासाठीं या पथकाचें वादन ध्वनिमुद्रित झालें. तें १९८२ सालीं ‘लाइव्ह १९७३’ या नांवानें निघालें. तें ऐकतांना गाण्यांचे आरंभ आणि शेवट जागच्या जागीं आहेत. दोघांचे आवाज एकमेकांच्या आधारानें चालतात, आणि पार्सन्सचा किंचित् डळमळणारा स्वर हॅरिस बाई कशा सांवरून घेतात हें स्पष्ट ऐकूं येतें. फेब्रुवारीच्या आरंभीं जें पथक गाणें संपवूं शकत नव्हतें तें मार्चांत असें गात होतें, तर मधल्या वाटेवर कोठें तरी तें सुधारलें हें निश्चित. तें कोठें सुधारलें एवढेंच काय तें आठवणीवर सोपवावयाचें. आणि प्रत्यक्ष मंचावर उभे असलेले लोक एका मुखानें आर्माडिलोकडे बोट दाखवीत असतील तर तें नाकारण्यास मला तरी कारण दिसत नाहीं.

दुसरें पथक कमांडर कोडी अँड हिज लॉस्ट प्लॅनेट एअरमेन. हें लांबलचक नांव १९५० च्या सुमारच्या अग्निबाणवाल्या स्वस्त बोलपटांतून उचललेलें. याचा नायक जॉर्ज फ्रेन हा मिशिगन विद्यापीठाचा चित्रकलेचा पदवीधर. कांहीं काळ तो महाविद्यालयांत चित्रकला शिकवीत होता आणि पियानो बडवून वाजवीत असे. १९६७ च्या सुमारास अ‍ॅन आर्बर या विद्यापीठाच्या गांवीं पथक जमलें आणि १९६९ मध्यें तें कॅलिफोर्नियांत बर्कली येथें गेलें. गिटारवर बिल कर्चेन; फिडल आणि सॅक्सोफोन हीं दोन्हीं वाद्यें हाताळणारा अँडी स्टाइन; आणि दुसरा गिटारवादक जॉन टिची. हा टिची पुढें संगीत बाजूस ठेवून न्यू यॉर्क संस्थानांतील एका नामांकित तांत्रिक विद्यापीठांत यंत्रशास्त्राचा प्राध्यापक झाला. प्राध्यापक वर्गानें यावरून फुशारून जाऊं नये. त्याला आठवतात ते लोक अजून गिटारवादक म्हणूनच.

१९७२ सालीं ‘हॉट रॉड लिंकन’ या गाण्यानें या पथकास अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत नववें स्थान मिळवून दिलें. परंतु त्याचें खरें सामर्थ्य मंचावर होतें, आणि तें पकडण्यासाठीं नोव्हेंबर १९७३ मध्यें त्यांनीं ध्वनिमुद्रणयंत्रें आर्माडिलोंत आणवलीं. १९७४ सालीं ‘लाइव्ह फ्रॉम डीप इन द हार्ट ऑफ टेक्सास’ ही तबकडी निघाली. आरंभींच्या गाण्याचें नांवच ‘आर्माडिलो स्टॉम्प’. लुइझियानाच्या फ्रेंच वस्तींतील चाल, कृष्णवर्णीयांचें १९५४ सालचें तुरुंगांतील दंगलीचें गाणें आणि गुराख्यांची सायंकाळ हीं सगळीं एकाच ताटांत वाढलेलीं. आणि त्या सर्वांमागें श्रोत्यांचा गलका. तो गलका हाच या तबकडीचा खरा ऐवज आहे असें मी म्हणेन. गाण्याच्या मध्येंच उठणाऱ्या आरोळ्या ऐकल्या म्हणजे श्रोते नुसते ऐकत नव्हते, आपल्या घरचें कार्य असल्यासारखे वागत होते, हें कळतें.

आणि येथेंच एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. टेक्सासच्या हृदयांतून म्हणून जी तबकडी निघाली तींत टेक्सासचा वादक जवळ जवळ नाहीं. मिशिगनच्या विद्यार्थ्यांनीं, कॅलिफोर्नियाच्या वस्तींतून येऊन, जुन्या तबकड्यांवरून शिकलेलें टेक्सासचें संगीत टेक्सासच्या तरुणांस ऐकविलें. त्या संगीताचा एक मोठा भाग वेस्टर्न स्विंग म्हणून ओळखला जातो आणि त्याचा प्रमुख आचार्य बॉब विल्स. ज्या नोव्हेंबरांत ऑस्टिनला हें ध्वनिमुद्रण झालें त्याच्या पुढच्याच महिन्यांत, ३ व ४ डिसेंबर १९७३ रोजीं, डॅलस शहरीं बॉब विल्सचें अखेरचें ध्वनिमुद्रण झालें. चाकांच्या खुर्चींत बसलेला हा वृद्ध पहिल्या दिवशीं आपल्या जुन्या सोबत्यांबरोबर हजर राहिला. त्या रात्रीं त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि मे १९७५ मध्यें मृत्यु येईपर्यंत तो पुन्हां शुद्धीवर आला नाहीं. त्याला भेटण्यास त्यावेळीं डॅलसला गेलेल्या तरुणांत रे बेन्सन होता. फिलाडेल्फियाच्या ज्यू घरांतला हा उंचाडा मुलगा असलीप अ‍ॅट द व्हील या पथकाचा नायक. कमांडर कोडीच्या आमंत्रणावरून तो आपलें पथक घेऊन बर्कलीला गेला होता आणि पुढें ऑस्टिनचाच रहिवासी झाला. भेट क्षणभर झाली, उद्यां या असें सांगण्यांत आलें, आणि तें उद्यां उजाडलेंच नाहीं, अशी त्याची आठवण आहे.

परंपरा कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे घराण्यांच्या अभिमानी मंडळींत वारंवार निघतो; जन्मानें मिळाली त्याची कीं शिकून घेतली त्याची? पार्सन्स निदान दक्षिणेचा पुत्र होता. फ्रेन आणि बेन्सन यांना तोहि आधार नव्हता. वारसदार दुसऱ्या नादांत असतांना या परक्या विद्यार्थ्यांनीं तें गाणें उचललें, आणि वारसदारांच्या मुलांनीं तें आर्माडिलोंत बसून परत घेतलें. नोव्हेंबरच्या तबकडींत ऐकूं येणारा गलका हा त्या परत घेण्याचाच आवाज आहे. आठवणींत ही बाजू सहसा येत नाहीं, कारण ज्याला तो आपलाच वाटला त्याला तो परका होता हें कसें आठवावें?

आठवणीची दुसरी खोड म्हणजे ती सगळें श्रेय एका रात्रीस देते. ऑस्टिनमध्यें कोणासहि विचारा, हिप्पी आणि गुराखी एका छपराखालीं आले ते १२ ऑगस्ट १९७२ रोजीं, विली नेल्सन आर्माडिलोंत प्रथम गायला त्या रात्रीं, असें उत्तर मिळेल. नेल्सनची थोरवी मला मान्य आहे. त्याचें येणें ही मोठी घटना होती यांत शंका नाहीं. परंतु त्यापूर्वींच ग्रीझी व्हील्स हें फिडल वाजविणारें स्थानिक लांबकेशी पथक तेथें नित्य वाजवीत होतें. आणि त्याच्याहि दहा वर्षें आधीं, १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत, केनेथ थ्रेडगिल या वयस्क कंट्री गायकाच्या पेट्रोलपंपवजा पानगृहांत विद्यापीठाचीं मुलें गाण्यास जमत असत. जॅनिस जॉपलिन त्यांतलीच. मीलन सावकाश झालें. स्मरणाला मुहूर्त लागतो म्हणून एक रात्र निवडली गेली, इतकेंच.

तबकडी तरी सर्वस्वीं खरी काय? पार्सन्सनें मृत्यूपूर्वीं त्याच उन्हाळ्यांत ‘ग्रीव्हस एंजल’ ही तबकडी मुद्रित केली. ती जानेवारी १९७४ मध्यें निघाली. तींत ‘लाइव्ह फ्रॉम नॉर्दर्न क्वेबेक’ अशा नांवाखालीं दोन गाणीं आहेत. मागें बाटल्या किणकिणतात, श्रोते ओरडतात, कोणीतरी टाळ्या पिटतो. पण तें क्वेबेकहि नव्हे आणि क्लबहि नव्हे. ध्वनिमुद्रणगृहांत गाऊन वरून गलका मिसळलेला आहे. ज्याच्या खऱ्या रात्रीची तबकडी निघाली नाहीं त्यानें खोट्या रात्रीची करून ठेवली! ती ऐकतांना हंसूं येतें, आणि थोडें वाईटहि वाटतें. कारण त्या बनावट गलक्यांत ऑस्टिनसारख्या रात्रींची ओढ आहे असें वाटल्यावांचून राहत नाहीं. शिवाय ती रचना चांगली गायिलेली आहे. म्हणून ती पुरावा म्हणून बाद करावी आणि गाणें म्हणून ठेवावी.

गानगृहाचा शेवट मात्र निर्विवाद कागदपत्रांचा आहे. जमाखर्चाची तोंडमिळवणी तेथें कधींच नीट झाली नाहीं. तिकिटें स्वस्त, काम करणारे अर्धपोटीं, आणि छप्पर गळतें. १९७६ च्या अखेरीस विल्सन बाहेर पडला. १९७७ मध्यें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. पुढें हँक अल्रिच यानें कारभार हातीं घेऊन गाडा बराचसा मार्गावर आणला. परंतु तोंवर शहर वाढलें होतें आणि नदीजवळच्या त्या जागेची किंमत गाण्याच्या उत्पन्नाच्या कितीतरी पलीकडे गेली होती. जमिनीच्या मालकानें ती विकली. ज्या उपेक्षेमुळें ती वास्तु १९७० सालीं हातीं लागली ती उपेक्षा संपली, आणि तिच्याबरोबर वास्तूहि.

३१ डिसेंबर १९८० च्या रात्रीं शेवटचा कार्यक्रम झाला. गायले ते असलीप अ‍ॅट द व्हील आणि कमांडर कोडी. पुढच्या महिन्यांत सामानसुमानाचा लिलाव झाला, इमारत पाडली आणि त्या जागीं कचेऱ्यांची उंच इमारत उभी राहिली. २००६ सालीं तेथें स्मृतिफलक बसविण्यांत आला. विल्सननें २०१७ मध्यें आपल्या आठवणींचें पुस्तक काढलें. जॉर्ज फ्रेन २०२१ च्या सप्टेंबरांत वारला. त्याची नोव्हेंबर १९७३ ची तबकडी अजून मिळते, आणि तिच्या वेष्टनावर जिम फ्रँकलिनचे आर्माडिलो आहेत.